मुद्दूच्या लिव्हरला एक दिवस रजा

१२ जून
मुद्दूच्या हिरड्या पांढऱ्या. कालपासून जिना चढत नाही. डॉ. वेंकटेश यांनी रक्त तपासलं. त्याच्या शरीरातले पहारेकरीच त्याच्या तांबड्या पेशी मारतायत म्हणे. औषध स्टेरॉइड, दोन वेळा, पोटात अन्न असताना, कित्येक महिने. डोस हळूहळू कमी करायचा, तोही ते सांगतील तेव्हाच. मध्येच बंद केलं तर जिवाला धोका, असं तीनदा म्हणाले. मी हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

संकल्प: मुद्दूची सगळी जबाबदारी माझी. बायकोला, कमलाक्षीला, तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं, आधी स्वतःची बीपीची गोळी घ्या, कालचीही तिथेच पडलीय.

आठ वर्षांपूर्वी लष्कर मोहल्ल्यातल्या सायकलच्या दुकानाबाहेरून हे एवढंसं पिल्लू शर्टात गुंडाळून आणलं. तो गेला तर मी दिवसभर काय करणार, हा प्रश्न आज लिहीत नाही.

१६ जून
औषध लागू पडलं. हिरड्यांवर गुलाबी छटा. पण खरी गोष्ट वेगळीच: मुद्दूला माझी किंमत कळली. मी उठलो की उठतो. अंघोळीला गेलो की दाराबाहेर बसतो. जेवताना डोळ्यांत डोळे घालून बघतो. आठ वर्षांत असं कधी नाही. पूर्वी आपला कमलाक्षीच्या मागे मागे.

कमलाक्षीचं म्हणणं, "अय्यो, प्रेम कसलं हो, भूक ती. या गोळीनं भूक सुटते म्हणून डॉक्टर सांगितले नव्हते?" डॉक्टरांना रक्तातलं कळतं. मनातलं कळायला शिक्षकच लागतो.

पाणीही बादलीभर पितो आणि हॉलमध्येच मोकळा होतो. ती पुसते. मी वेळ टिपून ठेवतो.

२ जुलै
लिव्हरचे आकडे चढले. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडवर असं होतं, घाबरू नका, लक्ष ठेवू. लिव्हरला आधार म्हणून वेगळी गोळी: सकाळी रिकाम्या पोटी, नंतर तासभर काही नाही. तूप-तेल बंद. कुणी सांगितलेला झाडपाला अजिबात नको.

संकल्प: ताटातला तुकडा आजपासून बंद. मुद्दूच्या आणि माझ्या हितासाठी.

३ जुलै, सकाळी ६.१०
गोळी तीनदा थुंकली. इडलीत घालून दिली, गेली. कमलाक्षीने विचारलं, मग पोट रिकामं कुठे राहिलं? समजावलं: इडली आणि गोळी एकाच क्षणी पोटात पोचतात, त्या क्षणाआधी पोट रिकामंच होतं. तिने कपाळाला हात लावला. वर्गातही मुलं असंच करायची.

६.४०
इडलीचा आणखी एक तुकडा. तूप मी घातलं नव्हतं. आधीपासूनच होतं.

१५ जुलै
रक्त वाढलंय, पण लिव्हर उतरत नाही. आलेख काढला. स्टेरॉइडमुळे लिव्हर बिघडतं. म्हणजे स्टेरॉइड निम्मं, तर बिघाड निम्मा. साधं त्रैराशिक. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. "सर, गणित बिडि, गोळी कोडि" म्हणाले. गणित सोडा, गोळी द्या. नम्रपणे हो म्हटलं.

रात्रीपासून अर्धीच गोळी. कमलाक्षीला बोललो नाही. उगीच काळजी करेल.

२२ जुलै, दशमी
कमलाक्षी भावाकडे एच. डी. कोटेला गेली, परवा द्वादशीला येणार. उद्या प्रथम एकादशी, म्हणजे आषाढी, घरात चूल नाही, पाण्याचा थेंबही नाही. जाताना बजावून गेली, की मुद्दूसाठी मागच्या शेडमध्ये भात करा, माणसांचा उपास माणसांनी करावा. मी मान हलवली.

संध्याकाळी भानुमतीअक्काशी बोलणं झालं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते, वय ब्याऐंशी, जन्मात गोळी घेतलेली नाही. ती म्हणाली, "अरे, पोटाला पंधरा दिवसांतून एक रजा देतो म्हणूनच आपण टिकलो की. त्या मुक्यानं काय पाप केलंय?" विचार केला. गोळी अन्नाबरोबरच द्यायची. एकादशीला अन्न नाही. म्हणून गोळी नाही. तीन ओळींत सिद्ध. शिवाय लिव्हरला विश्रांती. हे डॉक्टरांना कसं सुचलं नाही? त्यांच्याकडे एकादशी नसेल.

आज आम्हा सगळ्यांचं एकभुक्त, रात्री जेवण नाही, म्हणून रात्रीची गोळीही वगळली. व्रत अर्धवट नको.

२३ जुलै, सकाळी ९
मठात जाऊन मुद्रा घेतल्या. दोन्ही दंडांवर तापलेल्या शंख-चक्रांचे ठसे, चरचर. मुद्दूच्या वतीनेही हात जोडले. तो सकाळी दाराशी बसून माझ्याकडे बघत होता. पाण्याचं भांडं भरून ठेवलंय. एवढी सूट शास्त्रात असावी.

दुपारी ४
शांत पडून आहे. मागे मागे येत नाही. अक्का म्हणाली, बघ, उपासानं कसं सत्त्व आलं.

सायंकाळी ७
हाक मारली. शेपटीचं टोक हललं. ध्यान लागलं असेल.

२४ जुलै, द्वादशी, पहाटे ५.४५
पारण्याआधीच त्याच्यासाठी भात लावला. उठला नाही. भात नाकाशी नेला. तोंड फिरवलं. मुद्दूने भातापासून तोंड फिरवलं. ओठ उचलून पाहिला. हिरड्या कागदासारख्या.

माझ्या हाताने. हे माझ्या हाताने झालं.

दुपारी १
रिक्षात मांडीवर घेऊन क्लिनिकला गेलो. शेवटची गोळी कधी, डॉक्टरांनी विचारलं. दशमीला सकाळी, म्हणालो. तारीख सांगा, म्हणाले. तारीख सांगितली. मग अर्ध्या गोळीचं सांगितलं. मग त्रैराशिकाचं. ते रागावले नाहीत, लिहीत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रक्त द्यायला लागेल. माझं घ्या म्हणालो. नर्सबाई हसू दाबत बाहेर गेल्या. बन्नीमंटपात आमच्या गल्लीतल्याच येसाजीरावांना फोन केला, त्यांचा लॅब्रॅडॉर तीस किलोचा. चौकशीही न करता ते वीस मिनिटांत कुत्र्यासकट आले. गेल्या वर्षी याच कुत्र्याच्या भुंकण्यावरून मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलं होतं.

आज पारणं केलं नाही. देवाशी भांडण आहे म्हणून नव्हे. घशाखाली उतरलं नाही.

२५ जुलै
कमलाक्षी काल संध्याकाळी थेट क्लिनिकलाच आली. सगळं ऐकून घेतलं. "माणसांचा उपास" एवढंच म्हणाली आणि पुढे रडली. मीही रडलो. दंडावरची मुद्रा अजून चुरचुरते. चुरचुरू दे.

३० जुलै
मुद्दू घरी आला. तीन पायऱ्या स्वतः चढला. गोळ्यांचा डबा आता कमलाक्षीच्या कपाटात, किल्ली कमरेला. लिव्हरची गोळी ती जिभेच्या मागे ठेवून घसा चोळते. एका झटक्यात गेली. इडली वगैरे काही नाही. अक्काने देवापुढे दिवा लावला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

माझं पद आता सल्लागाराचं. सल्ला कुणी विचारत नाही. पण मुद्दू मात्र माझ्या मागे मागे असतो. म्हणजे क्षमा केली.

१८ ऑक्टोबर
डॉक्टरांच्या हिशेबाने डोस एकतृतीयांशावर. रक्त ठीक, लिव्हर उतरतंय. मात्र एक चिंताजनक लक्षण टिपतोय: आज मी अंघोळीला गेलो तेव्हा मुद्दू दाराबाहेर नव्हता.

११ नोव्हेंबर
लक्षण बळावतंय. जेवताना बघत नाही. मी उठलो तरी पडून राहतो. खिन्नता? कमलाक्षी म्हणते, सुम्ने, उगी बसा, बरा होतोय तो. बरा होतोय तर माझ्याकडे का येत नाही?

५ डिसेंबर
शेवटची तपासणी. रक्त नॉर्मल, लिव्हर नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी बंद केली, माझ्या पाठीवर थाप मारली. मी लक्षणांची वही पुढे केली: मागे येत नाही, दाराशी बसत नाही, बघत नाही. त्यांनी सगळी पानं वाचली. म्हणाले, ती भूक होती, सर. ती गेली, म्हणजे कुत्रा बरा झाला.

मुद्दू तोवर कमलाक्षीच्या पायाशी झोपला होता. पोट वरखाली होत होतं, हिरड्या गुलाबी. जिवंत. एवढंच मागितलं होतं मी.

उठताना डॉक्टरांना हळूच विचारलं, की अगदी कणभर, लिव्हरला कळणारही नाही इतका डोस चालू ठेवता येईल का.

कमलाक्षीने ऐकलं. रागावली नाही. साखळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चला, घरी जाऊ.