जावातला लग्नाचा वाढदिवस

३ मे
गेल्या वर्षी लग्नाचा वाढदिवस विसरलो. त्याआधीच्या वर्षीही. आज बायकोने थंडपणे सांगितलं, यंदा विसरलास तर पुढे मीही लक्षात ठेवणार नाही. पण आपण जावा भाषेतले प्रोग्रामर! छोटा प्रोग्राम लिहायचा, आजची तारीख आमच्या तारखेशी ताडायची, जुळली की स्क्रीनवर फुलगुच्छ. बायको म्हणाली, त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल कर. हसू आलं. बिचारी आर्ट्सची.

१० मे
चाचणी. दोन्हीकडे आजचीच तारीख, मध्ये बरोबरची दोन चिन्हं. म्हणे जुळत नाही! लॅपटॉप जुना झालाय.

११ मे
ऑफिसातल्या टेस्टरने नाक खुपसलं. त्याला आम्ही शंकासूर म्हणतो. म्हणाला, ती दोन चिन्हं 'दोन्ही एकच का?' असं विचारतात. 'सारख्या का?' विचारायला इक्वल्स लागतं. चहाचे दोन कप दाखवले. सारखे आहेत, पण एकच नाहीत. मला माहीत होतंच. त्याची परीक्षा घेत होतो.

१२ मे, सकाळ
इक्वल्स टाकलं. तरी नाही. तारखेच्या पोटात वेळही असते म्हणे, सेकंदाचा फरक पडला की दिवस परका. दोन्हीकडची वेळ शून्यावर आणली. जुळली! घरभर नाचलो. बायकोने विचारलं, गोल केलास का?

१३ मे
आमची तारीख भरली. दिवस १४, महिना ६. शंकासूर मागून म्हणाला, जावाचं जुनं कॅलेंडर महिने शून्यापासून मोजतं, जानेवारी म्हणजे शून्य, बघितलंत ना? म्हटलं, जून सहावा हे मी पहिलीत शिकलोय. आता डोक्याला ताप नाही.

१४ जून, सकाळ
बायको नवा ड्रेस घालून दोनदा समोरून गेली. तिच्या ऑफिसात कार्यक्रम असणार. तारीख कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली, म्हणून प्रोग्राम पाहिला: 'आज काही नाही.' माणूस उगाच घाबरला असता.

१४ जून, संध्याकाळ
बायकोने नवा ड्रेस घडी करून कपाटात ठेवला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. प्रोग्रामही तेच सांगतो.

१४ जुलै
स्क्रीनवर फुलगुच्छ! फुलं, केक घेऊन पळत घरी. दारातच शुभेच्छा दिल्या. तिने फुलं पाण्यात ठेवली आणि विचारलं, कसला वाढदिवस? चिडून नाही, अगदी सहज.
कॅलेंडरचं मागचं पान उलटून पाहिलं. जूनच्या चौदा तारखेवर लाल गोल. तिनेच केलेला.
दोन्ही चौदाच. सारख्या आहेत, एकच नाहीत.
केक फ्रिजमध्ये ठेवलाय.