पाच मिनिटं बारा सेकंद

रविवार, ६ जानेवारी १९८५. डंडी, स्कॉटलंड.
नव्या वर्षाचा संकल्प. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये लोड व्हायला पाच मिनिटं बारा सेकंद लागतात. महिन्याभरात मिनिटाच्या आत आणणार. आमच्या कॉम्प्युटर क्लबात कुणाला जमलेलं नाही. मला जमेल. डोकं आहे.
बाबा नेहमीसारखे तीनला डाव खेळायला आले. एरवी मूग गिळून बसतात, पण लोड होताना कॅसेट किंचाळायला लागली की तोंड उघडतं. चाळीस वर्षं जूटच्या गिरणीत मागांचे मिस्त्री होते. त्या खडखडाटात ओठ हलवून बोलायची सवय. आता ऐकू फारसं येत नाही, आमचेही ओठच वाचतात. आज पाचही मिनिटं आईबद्दल बोलले. मी घड्याळ बघत होतो, नीट ऐकलं नाही.
एल्स्पेथ म्हणाली, ती पाच मिनिटं तुला चावतात का? माझा चहा तेवढ्यात होतो. बायकोला संशोधनातलं काय कळतंय! (मोठ्यानं बोललो नाही.)

रविवार, १३ जानेवारी
तीन मिनिटं चाळीस!! बाबा सांगत होते की डॉक्टरकडे जाऊन आलो, तुला एक सांगायचंय. तेवढ्यात लोड संपला, आवाज थांबला, बाबाही थांबले. मी म्हटलं, बोला ना. म्हणाले, जाऊ दे, पुढच्या रविवारी. म्हणजे तातडीचं काही नसणार.

रविवार, २० जानेवारी
दोन मिनिटं पाच. टेपरेकॉर्डरच्या डोक्याचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा, स्क्रू अर्धा आटा फिरवला. हीच खरी किल्ली.
एल्स्पेथ म्हणते, मामंजींचा कोट अंगात नुसता लोंबतोय, विचार त्यांना. थंडीत माणूस आटतोच, पण विचारायचं ठरवलं. स्क्रू फिरवता फिरवता राहून गेलं.

रविवार, २७ जानेवारी
अठ्ठेचाळीस सेकंद! बाबा म्हणाले, हे बघ युअन, मला... आणि स्क्रीनवर पट हजर! दोघंही पटाकडे बघत बसलो. किटलीतलं पाणी अजून थंडच होतं. एल्स्पेथ दारातून म्हणाली, झालं समाधान?
बाबा एक डाव हरले आणि निघाले. जाताना म्हणाले, माग बंद पडून गिरणी गप्प झाली की आमच्या पोटात गोळा यायचा. कौतुकच असावं.
जुना मंद प्रोग्रॅम पुसून त्याच कॅसेटवर नवा घेतला. दुसरी प्रत ठेवली नाही. माघार नाही म्हणजे नाही.

गुरुवार, ३१ जानेवारी
क्लबात प्रात्यक्षिक. नऊ जण, नऊ टेपरेकॉर्डर. एकावरही लोड झाला नाही. स्ट्रॅकननं माझा स्क्रू तपासला आणि म्हणाला, अरे शहाण्या, तुझं डोकं वाकडं आहे, तुझी कॅसेट फक्त तुलाच कळते. सगळे पोट धरून हसले. नऊच्या नऊ यंत्रं बिघडलेली असू शकतात.

रविवार, ३ फेब्रुवारी
बाबा आले नाहीत. एल्स्पेथ म्हणाली, ऊठ, जाऊन बघ. म्हटलं, रस्त्यावर बर्फ आहे म्हणून नसतील आले. पुढच्या रविवारी जाईन. तोवर चाळीस सेकंदांवर आणतो, खूश होतील.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
बाबा हॉस्पिटलात. शेजारणीनं कळवलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना नोव्हेंबरपासून माहीत होतं, घरच्यांना मी स्वतः सांगतो म्हणाले होते.
वॉर्डात चिडीचूप. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले, बराच वेळ हलले, पण आवाज नाही. गिरणीतलं बोलणं. आई ते वाचायची. मी कधी शिकलोच नाही. दोनदा विचारलं, बाबा, काय? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, कळलं.

शनिवार, १६ फेब्रुवारी
बाबा पहाटे गेले.

रविवार, २४ फेब्रुवारी, दुपारी तीन
कॅसेट लावली. अठ्ठेचाळीस सेकंद. मला रडू आलं ते नंतर, पट आल्यावर.
एल्स्पेथनं विचारलं, आता पुन्हा काय खटाटोप? म्हटलं, हळू करतोय. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

रविवार, ३ मार्च
नवा संकल्प. एप्रिलच्या आत पुन्हा पाच मिनिटं बारा सेकंद. वाटलं होतं त्याहून अवघड आहे. मध्ये नुसता थांबा घालणं सोपं, पण थांब्यात आवाज नसतो. आवाज नसेल तर काय उपयोग?
स्ट्रॅकनला विचारलं, जुना प्रोग्रॅम आहे का कुणाकडे? म्हणाला, आता मंद कोण ठेवतंय, युअन? तूच नादाला लावलंस सगळ्यांना.
आज एक मिनिट दहा झालं. एल्स्पेथनं तीन कप मांडले आणि एक परत उचलला. कॅसेट किंचाळत होती तेव्हा मी म्हणालो, बाबा, सांगा. मग पट आला.