स्प्रिंग, फळी आणि चौऱ्याऐंशी किलो

तीर्थरूप मामा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिहा. नुसतं "बरा" लिहिता, त्यावरून काही ठरवता येत नाही.) मी ठीक आहे. मंगळवारी दुपारी नव्हते.

झालं असं, की चाळण्याची नवी मशीन जुन्याच चार स्प्रिंगांवर बसवायची होती. त्या किती कडक आहेत ते काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझं प्रोबेशन याच आठवड्यात संपत होतं. तुम्ही दिलेल्या व्हर्नियरने स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजली, हिशोब केला. मशीन वीस मिलिमीटर दबणार, खालच्या पाइपपर्यंत जागा पंचवीस. सही केली. मग (आधी नाही, मग) खात्री करावीशी वाटली. एका स्प्रिंगच्या वाट्याला दोनशे चार किलो येणार होते. स्टोअरकीपरकाका चौऱ्याऐंशी, वेल्डर अडुसष्ट, मी बावन्न. बेरीज चोख जमली. एका स्प्रिंगवर फळी टाकून आम्ही तिघं एकमेकांचे खांदे धरून उभे राहिलो. (हसू नका. कोणी पडलं नाही.) सुपरवायझरने पट्टी लावली. पंचवीस! म्हणजे मशीन थेट पाइपवर.

माझा हिशोब चुकला असेल हे मला सुचलंच नाही. उलटं गणित केलं तर कोणीतरी पन्नासेक किलो लपवत होतं, आणि माझी नजर काकांच्या पोटाकडे गेली. "चौऱ्याऐंशी हे कोणत्या सालचं, काका?" वेल्डर खो खो हसला. काका गोदामातल्या काट्यावर जाऊन उभे राहिले. चौऱ्याऐंशी. परत येऊन त्यांनी खिशातल्या किल्लीने स्प्रिंग खरवडली, तर रंगाचा जाड पापुद्रा निघाला. "वजन माझं नाही, हिचं वाढलंय, ताई. मोठे साहेब यायचे म्हटलं की दर वेळी जुन्यावरच नवा रंग फासतात." मी रंगासकट तार मोजली होती, दहाऐवजी दहा पूर्णांक सहा. सूत्रात जाडीचा चौथा घात येतो, त्यामुळे सहा टक्क्यांची चूक सव्वीस टक्क्यांची झाली.

प्रत्येक स्प्रिंगखाली दहा मिलिमीटर जाडीची प्लेट घातली. बुधवारी मशीन बसवली. पंचवीस दबली, पाइपला लागली नाही. मोठ्या साहेबांनी वाकून पाहिलं आणि "छान" म्हणाले. त्या दुपारी मी डबा पूर्ण खाल्ला.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. नोकरी पक्की झाली. आईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती रडेल, आणि मग मला फोन ठेवता येणार नाही.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी. काका माझ्याशी बोलत नाहीत. माफी मागायची आहे, पण मला ते येत नाही. मामींची तुम्ही कशी मागता, तेवढं सविस्तर कळवा. मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "काका, तुमचं वजन बरोबर आहे."