फाईल तिथंच, पण तिला विचारतो कोण

मंगळवार, पिंप्राळा, दिवेलागणीला

डोकं अजून तिथंच अडकलंय. उद्या धुळ्याला भूषणदादाची मुलाखत. चुलतभाऊ माझा, लॅपटॉपवर स्वतःचं काम चालवून दाखवणार. आणि मला आजच किडा चावला.

दादाच्या लॅपटॉपवरचं शेल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, उघडलं की आधी सुरुवातीची एक फाईल वाचतं. तिच्यात मी घुसवलं: ‘आधी चहा पाज’ असं दाखव आणि बंद हो. दादा उघडतोय, ते बंद होतंय. मी उशीत तोंड खुपसून हसतोय. मग काढायला गेलो, तर त्याच्या सगळ्या सेटिंगाच उडवल्या. हसू तिथंच जिरलं.

"बठ्ठा घोळ तुनाच शे ना भो?"

"हो दादा. आता उद्या काय?"

"तू उसवलेलं मी शिवत बसू का?"

त्याच्याकडे त्या फाईलची जुनी कॉपी होती. त्यानं ती नव्या फोल्डरात टाकली. दुसऱ्या साध्या शेलमधून ZDOTDIR नावाच्या व्हेरिएबलात त्या फोल्डरचा पत्ता दिला, म्हणजे सुरुवातीची फाईल इथून वाच. बस, एक ओळ. सगळं जागच्या जागी उघडलं. माझी बिघडवलेली फाईल तिथंच पडलेली, तिला कोणी विचारेना. एवढं मोठं शेल एका पत्त्यावर वळतं?

आत्ता माझा लॅपटॉप उघडला. शेल मलाच म्हणतं, ‘बंटीशेठ, सकाळी धुळ्याला चल. चहा तू पाजायचा.’

माझी फाईल बघितली. एक अक्षर हललेलं नाही. दादानं ते व्हेरिएबल माझ्याकडे कुठं लावलंय ते सापडेना.

जातो सकाळी. गाडीत विचारतो. चहा पाजूनच.