नदी एक, मजले दोन

ऱ्हाईनकाठ, जर्मनी

चि. दीनानाथ यास,

थोरल्या भावाचे पोतंभर आशीर्वाद. तुझ्या सौ. शुभाचा गुडघा कसा आहे? आम्ही ठणठणीत. (तुझी वहिनी कुमुदिनी रागावली आहे, पण तो आजार नव्हे.) पत्रास कारण, तुझा दादा सध्या सरकारला वळण लावतो आहे.

हसू नकोस. नगरपालिका, राज्य आणि केंद्र यांनी मिळून आमच्या भागाचं २०५० साल कसं असेल ते आत्ताच ताडून ठेवायचं ठरवलंय. त्या बैठकांसाठी चिठ्ठ्या टाकून नागरिक निवडले, त्यात मी आलो. पहिल्याच दिवशी पाणीखात्याचे हेर क्लाइन (हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) म्हणाले, २०५०च्या उन्हाळ्यात नदीला पाणी गुडघाभर. सगळे गंभीर. मग वाहतूकखात्याच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लांग यांनी त्याच उन्हाळ्यात, त्याच नदीतून, दुप्पट मोठी मालवाहू जहाजं नेली. पुन्हा सगळे गंभीर! कोणी हूं की चूं केलं नाही, कारण दुसऱ्याच्या खात्यात बोलायला इथे कोणी ‘त्सुष्टेंडिश’ नसतो, म्हणजे ते त्याचं काम नसतं. आता मी पडलो पुण्याचा. नसत्या चौकशा हा आपल्या घराण्याचा गुण (कुमुदिनी त्याला वेगळं नाव देते). विचारलं, तुमच्या कचेऱ्या कुठे? एकाच इमारतीत, हे दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. मग जेवायला तरी एकत्र बसत असाल? तर जेवणाच्या वेळा वेगळ्या! शेवटी मीच दोघांना कॉफीच्या टेबलाशी बसवलं आणि उठू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत जहाजं लहान झाली, उरलेला माल रेल्वेवर गेला, आणि केंद्राचे साहेब “गेनाऊ, हेर दांडेकर!”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. दीनानाथ, जन्मभर कारखान्यात रसायनं ढवळली, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. आता शेवटच्या बैठकीत तिन्ही सरकारांचा एकच मसुदा मंजूर व्हायचा आहे. मी नसलो तर ही मंडळी पुन्हा आपापल्या मजल्यावर जातील, याची मला खरंच धास्ती वाटते.

तुझा,
दादा

ता. क. ती बैठक नेमकी तुझ्या साठीशांतीच्या दिवशी आहे. मी वरच्या खोलीतून त्यांना हो म्हणालो, तेव्हा खाली स्वयंपाकघरात कुमुदिनी आमची विमानाची तिकिटं काढत होती. एकमेकांना विचारायचं राहिलं. तेवढा मुहूर्त पुढे ढकल, आणि ते गुरुजींनाच सुचलं असं तिला कळव.

ता. क. दुसरा. दीनानाथभावजी, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. मुहूर्त हलवू नका. बैठकीचं बघणाऱ्या बाईंना मी फोन केला, दिराची साठी आहे म्हटलं. त्यांनी तिन्ही सरकारांना विचारून बैठकच पुढे नेली. म्हणाल्या, हेर दांडेकर नसतील तर बसून उपयोग काय! हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. विमानात पट्टा बांधल्यावर सांगेन, म्हणजे जागेवरच फुलतील.
— कुमुदिनी