पाठ फिरवलेला माणूस

१० सप्टेंबर
पोचले एकदाची सोलापुरात! करमाळ्याला दुकानांच्या पाट्या रंगवण्यापेक्षा देवीची भिंत शंभरपट बरी. देवळाचे ट्रस्टी दिग्विजयराव यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली. चित्रकार आप्पा गेल्या वर्षी वारले. त्यांचा खाका, म्हणजे भिंतीएवढ्या कागदावरचं पेन्सिलचं रेखाटन, समोर ठेवून घटस्थापनेच्या आत भिंत रंगवायची आहे. खाका देखणा आहे. फक्त देवीच्या पुढ्यात एक माणूस तिच्याकडे पाठ करून बसलाय, हातात चौकोनी काहीतरी धरून.

१२ सप्टेंबर
दिग्विजयराव खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात. म्हणे, देवीला पाठ दाखवणारा भक्त असतो का? आप्पांना म्हातारचळ लागला होता, त्याला फिरवा, हात जोडा. ती चौकोनी वस्तू मला पाटी वाटली, त्यांना पेढ्यांचा पुडा. आप्पांची एक रेघ फुकटची नाही, हे तोंडावर सांगायला हवं होतं. उलट माणूस फिरवला, चौकोन पुसून हात जोडले. माझाच संताप येतोय.

१८ सप्टेंबर
काम संपलं. डोळे शेवटी केले. शिडीवर चढून, तोंडासमोर तोंड आणून देवीची बुबुळं भरली. उतरताना पायऱ्या धूसर दिसत होत्या.

१९ सप्टेंबर
आप्पांच्या पत्नी वच्छलाबाई भिंत बघायला आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. “आरसा कुटं हाय? बुबुळं भरताना तिच्याकडं पाठ करायची पोरी, आरशात बघून भरायची. समोर न्हाय बघायचं कदी.”
म्हणजे तो आरसा होता! आणि पाठ फिरवलेला तो माणूस चित्रकार होता. बाईंनी हे दिग्विजयरावांना आधीच सांगितलं होतं. अडाणीपणा म्हणून त्यांनी मला सांगितलंच नाही. त्यांची मानगूट धरावीशी वाटते. हे अक्षर मला निम्मंच दिसतंय.

२० सप्टेंबर
डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत. ठणठणीत!

२१ सप्टेंबर
आता दोन्ही गेले. अंदाजाने लिहितेय. वच्छलाबाईंनी हाताला धरून देवळात आणलं, देवीची माफी माग म्हणाल्या. मी का मागू? चूक त्या —
दिसतंय! मंडप, खांब, घंटा. पण उंचावरून. खाली एक मुलगी वहीत लिहितेय.
ती मीच.

दुपार
देवी डोळे वटारते म्हणून दिग्विजय घाबरलाय. मीच बघतेय तुझ्याकडे, मेल्या. शिडी लावली त्याने. हातात पांढरा रंग — ओरडले, ते माझे डोळे आहेत — बाई त्याला ओढतायत — ऐकत नाही — ब्रश जवळ — उजवा गेला — आता डा