कमानीचा दोर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज मी जानेफळहून खामगावले लेकीकडं राहाले आली. माही नात मनाली, तिनं आल्या आल्या ही वही देली. म्हणे आजी, तुह्या तोंडाची टकळी दिवसभर चालते, थोडी कागदावर चालव. मी चवथी शिकेल हावो, पण अक्षर माहं मोत्यावानी हाय, मास्तर म्हणत. बाकी कायच्यातच त्यायनं तारीफ केली नाही, ते जाऊ द्या.

जावई भगवानराव नाटकवाले. जुन्या जिनिंगच्या शेडमधी त्यायचं नाटकघर हाय. जिथं आधी कापसाच्या गाठी उचलत, तिथल्याच कप्प्यायवर आता पडदे चढतात. मनालीनं मले मांगून नेऊन दाखवलं. मले तर जत्रंत आल्यावानी झालं. समोरून पाहा तर राजाचा महाल, मांगून पाहा तर बांबू, खिळे अन् जुन्या लुगड्याचे ठिगळं. आमच्या व्याह्याचं घरही असंच होतं, समोर टाइल्स अन् मांग पडकी न्हाणी, पण तो विषय वेगळा.

मनाली राणी होऊन राह्यली नाटकात. काय दिसते पोट्टी. मी मनातल्या मनात बोटं मोडून घेतली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी रोज शेडमधी जाऊन बसतो असं पाहून मुजम्मिलभाऊ म्हणे, आजी, बसून काय करता, शिका. पांढऱ्या दाढीचा माणूस, पडद्यामांगचं सारं तोच पाहते. भिंती चाकावर असतात. अंधार झाला का दोघं जणं अनवाणी येऊन भिंत ढकलत नेतात, लोकायले वाटते महाल गेला अन् रान आलं. चाक वाजलं का नाटक मेलं, म्हणून चाकाले गोडेतेल. आमच्या बैलगाडीच्या आखाले एवढी माया कोणी केली नाही. कोण कुठी थांबायचं त्याच्या रेडियमच्या पट्ट्या खाली चिकटवेल, काजव्यावानी चमकतात.

सगळ्यायहून जड महालाची कमान. लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड. ती छताले टांगेल राहते, दोरानं खाली सोडतात. दोर विंगेतल्या खुंटीले दोन वेढे देऊन धरला का वजन खुंटी झेलते, म्हातारीचा हात पुरते. विहिरीवर पाणी ओढण्यात जल्म गेला माहा, मले लगेच जमलं. मधी पडदा येते, म्हणून दोरावरून कमानीखालचं दिसत नाही. त्यासाठी नेम हाय. दोरावाल्यानं विचारायचं, सोडू का? कमानीखालून जो शेवटी निघन त्यानंच म्हणायचं, सोड. दुसऱ्या कोणी नाही, मालकानंही नाही.

आतापासून दोर माह्याकडं. सुचिताले, माह्या लेकीले, सांगतलं तर ती हसून हसून दमली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज दुपारी तालीम होती. मी विचारलं, सोडू का? सोड, असा आवाज आला. मी वेढा ढिला करणार, तेवढ्यात कानाशी एक बाई म्हणाली, थांब वो बाई. मी थांबली. पडदा सारून पायतो तर काय, कमानीखाली नाटकातला प्रधान पायजम्याची नाडी बांधून राह्यला होता. उत्तर भगवानरावानं देलं होतं, समोरच्या विंगेतून, घाईत.

त्या बाईचे उपकार मानाले मी वळली तर मांग कोणीच नव्हतं. माह्या हातावर तिचा हात होता मातर, हे खरं. खरबडा, दोरानं घासेल. भली बाई, एकाचा जीव वाचवला. मुजम्मिलभाऊले सांगतलं, तर त्यानं हातातला चहा तसाच ठेवला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुजम्मिलभाऊनं आज सांगतलं.

आधी दोरावर त्याची खाला, म्हणजे मावशी होती, बानो. तिची पोरगी मलिहा कमानीखालचे दिवे मांडे अन् उचले. एका प्रयोगाले मोठे पाहुणे उठून निघाले, भगवानरावाले कमान लवकर पाहिजे होती. बानोनं विचारलं. मलिहा अजून खालीच होती. भगवानरावानं विंगेतून म्हतलं, सोड. मालकाचा शब्द, बानोनं सोडला दोर. पोटच्या लेकीवर. मंग ह्या माणसानं नटराजावर हात ठेवून शपथ घेतली, मी तोंडच उघडलं नाही, बाईनं न विचारता सोडला. गावानं तेच धरलं. पोरीले मारणारी माय म्हणत तिले. पावसाळ्याच्या आत तीही गेली.

पोळी करपली तरी हा माणूस माह्या सुचिताले कसा बोलते, ते मी आल्यापासून पाहून राह्यली. तीच जीभ. त्या जिभेनं दोन जीव खाल्ले अन् आता सत्काराची शाल घेऊन राह्यली.

बानो गेली नाही, माह्या हातावरचा हात तिचाच. जाऊही नाही तिनं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुपारी शेड रिकामी होती. मी दोराजवळ बसून बानोशी बोलली. म्हतलं, शुक्रवारी खेळ संपल्यावर त्याचा सत्कार हाय, कमानीखाली उभा राहीन. तू फक्त सांग, दोर मी सोडतो. सुचिता रडन, रडू दे, मंग जल्मभर सुखानं झोपन. हे बोलताना माहं तोंड गोड झालं, गुळाचा खडा चघळल्यावानी.

दोर आपोआप हालला. मंग ती बोलली.

"त्याले कायले मारू? त्यानं जगावं. त्याची पोरगी कमानीखाली असावी अन् त्यानं पाहावं."

त्याची पोरगी म्हणजे मनाली.

माही मनाली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मनालीले म्हतलं, शुक्रवारी उभी राहू नको. म्हणे, आजी, तुले नाटक चढलं. भगवानरावाले म्हतलं, कमान काढा. तो म्हणे, म्हातारीले गावाले पोचवा.

मुजम्मिलभाऊ माह्या बदल्यात दोर धराले गेला. दोरानं त्याचे तळवे सोलून काढले. ती दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही. मी केला करार, मलेच धरणं हाय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हात जोडले तिच्यापुढं. म्हतलं, मी बोलली ते चुकलं, माहा जीव घे.

"मलिहाबी कोणाची तरी नातच होती, बाई."

एवढंच म्हणाली. रागानं नाही. म्हणून जास्त भेव वाटते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारचा खेळ चालू झाला. खुंटीवर गाठीवर गाठ मारली. मी विचारणारच नाही. विचारल्याबिगर उत्तर नाही. तोंडात पदराचा बोळा कोंबला —

गाठी सुटल्या. मी हातही लावला नव्हता —

डावा हात दोराले चिकटला. बोळा गळून पडला. ओरडतो तर आवाज तिचा निघते, माहा नाही —

मुजम्मिलभाऊ बाजूच्या विंगेत हाय. मोठ्या अक्षरात लिहून वही त्याच्याकडं धरतो. मनालीले ओढ. मनालीले बाहेर ओढ —

अंधार झाला. त्याले दिसत नाही. मी अंदाजानं —

मनालीचे पैंजण कमानीखाली थांबले. काऊन थांबली? लुगडं फाटल्यावानी आवाज — अटकलं कशात — सोड ते लुगडं माय, निघ —

विचारलं. माह्या तोंडातून तिनं विचारलं —

मनाली काही बोलली नाही. शहाणी माही. आता कोणीच बोलू नका —

पुढच्या खुर्च्या सरकल्या. पाहुणे उठले वाटते. समोरच्या विंगेत भगवानराव खाकरला —

भगवानराव, तुमची पोरगी खाली हाय, तुमचीच —